मला शांतता देऊ नका

रविवार, ८ नोव्हेंबर २००९, सकाळ. हजर: उपकेंद्राच्या मागच्या ओट्यावर मी. आत चहा करणारे आमचे हे, भातसानगरहून काल आलेले. खळ्यावर शेजारीण सखूबाई, तिची सून जनी, झोडणीला आलेले जनीचे दोन भाऊ आणि एका कडेला बांधलेले बैल. शिवाय माझ्या डाव्या कानातला आवाज. सहा वर्षांपूर्वी मी त्याची हजेरी तासातासाला लावत असे. आता कुणी नाव काढलं तरच लक्षात येतं की तोही आलेला आहे.

भात झोडणीचे दिवस आहेत. पेंढी डोक्यावरून फिरून दगडावर येते, धप्प होतं आणि पाठोपाठ दाणे सारवलेल्या जमिनीवर पसरतात, त्यांचा वेगळा, बारीक आवाज. नव्या पेंढ्याचा वास ओट्यापर्यंत येतो. भाताचं कुसळ मानेला लागलं की दिवसभर खाजतं, म्हणून मी डोक्याला रुमाल बांधूनच बसते. नवे डॉक्टर मागच्या आठवड्यात म्हणाले, "सिस्टर, खिडकीखाली एवढा आवाज, एवढी धूळ, तुम्ही तक्रार कशी करत नाही?" मी म्हटलं, हे खळं मी भांडून इथे परत आणलंय. त्यांना चेष्टा वाटली. चेष्टा नव्हती. दर वर्षी पहिली पेंढी आपटली की मला २००३ सालची झोडणी आठवते आणि संताप येतो. एवढ्या वर्षांत तो कमी व्हायला हवा होता असं आमचे हे म्हणतात. मी तो कमी होऊ दिलेला नाही.

मी नर्स. शहापूर-मुरबाड रस्त्यालगतचं हे उपकेंद्र आणि आजूबाजूचे पाडे माझ्याकडे. लस टोचायची, तापाच्या गोळ्या द्यायच्या, अडलेली बाई असली तर मिळेल त्या जीपमध्ये घालून मुरबाडला न्यायची. या सगळ्यात एक काम असं होतं की ते करताना मला घाई सुचत नसे. गरोदर बाईच्या पोटावर नळी लावून बाळाचे ठोके ऐकणं. नळी म्हणजे ॲल्युमिनियमचा छोटा कर्णाच. रुंद तोंड पोटावर, अरुंद तोंड माझ्या कानाशी, डोळे घड्याळाच्या काट्यावर. आधी काहीच नसतं. मग ओल्या मातीवरून कुणीतरी लांबून पळत येतंय, असं ऐकू येतं. ते ऐकल्यावर मी बाईकडे बघून मान हलवायची आणि बाईने सोडलेला श्वास माझ्या केसांना लागायचा. नव्वद सालानंतर इथे आले तेव्हापासूनचं हे काम. २००३ साली ते माझ्या हातून जाणार होतं.

नवरात्राच्या थोडं आधी मला ताप आला होता. त्यावर गोळ्या झाल्या. त्याच्याही आधी लसीकरणाच्या मोहिमेत गावोगाव फिरले होते, जीपच्या टपावर घोषणांचा कर्णा आणि त्याच्या बरोबर खाली मी. कशाने काय झालं ते आजही ठाऊक नाही. एका दुपारी जेवायला बसले होते. कार्यक्रम संपल्यावर टीव्ही तसाच चालू राहिला की येतो तसा बारीक, ताणलेला आवाज यायला लागला. मी ओरडले, "कुणाचा टीव्ही आहे तो, बंद करा." सखूबाई दारात येऊन म्हणाली, "नर्सबाय, लाइट गेलीया सकालपासना."

त्यानंतर सहा आठवडे मी काय काय ऐकलं ते सांगते. कानातलं सोडून. गरम तेलात लसूण घालून सोडा, हे चौघींनी सांगितलं, आणि कानात तेल घालू नका असं मी स्वतः आयुष्यभर सांगत आले असूनही सांगितलं. पहिले डॉक्टर म्हणाले, वय. तेव्हा मी चाळिशी नुकती ओलांडली होती. दुसऱ्यांनी कानात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, कान स्वच्छ आहे, टेन्शन घेताय तुम्ही. मी विचारलं, कसलं? ते म्हणाले, बायकांना असतं. तिसरे त्यातल्या त्यात बरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग लिहिणं थांबवून म्हणाले, "यावर औषध नाही. सवय करून घ्या."

सवय करून घ्या. कशी? पाण्यातून गोळी घ्यायची तर ती जेवणाआधी की नंतर, हे सांगितल्याशिवाय मी पेशंटला दारातून सोडत नाही. आणि मला माझ्याच खात्यातला माणूस सांगतो सवय करून घ्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. कुणीही माझी ऐकण्याची तपासणी केली नाही. मशीन आहे, तिथे जा, असं कुणी एका ओळीने सांगितलं नाही. मी रुग्ण म्हणून तिथे बसले होते, पण त्यांना मी रजा मागायला आलेली कर्मचारी दिसत होते.

आणि मग जनीची तपासणी आली. सखूबाईची सून, पहिलंच बाळंतपण, आठवा महिना. मी नळी लावली. कानात तो आवाज, आणि त्या आवाजामागे मी ठोके शोधतेय. लागतायत असं वाटे, मोजायला घेतलं की सुटत. जनी माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली नाही. "नर्सबाय, काय झाला?" ती म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, बाळ फिरलंय, उद्या मोठ्या दवाखान्यात बघू. बाळ फिरलेलं नव्हतं. मला खात्री देता येत नव्हती एवढंच खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला स्वतः घेऊन गेले. बाळ उत्तम होतं. तिथेच मी तेव्हाच्या डॉक्टरसाहेबांना स्पष्ट सांगितलं की मला ठोके नीट मोजता येत नाहीत, मला तपासून घ्या.

तपासून घेतलं नाही. त्यांनी चांगुलपणाने तोडगा काढला: यापुढे मला भांडारात बसवायचं. सुया, कापूस, गोळ्यांचे खोके मोजायचे. "तुम्ही एवढ्या व्यवस्थित आहात सिस्टर, तुमच्यासारखी बाई स्टोअरला मिळणार नाही." खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून माझं काम काढून घेत होते आणि वर माझी स्तुती करत होते. मी त्यांच्याकडे दोन महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी एक दिला.

आता पाड्याने काय केलं ते. यावर मला रागावता येत नाही, म्हणून जास्तच त्रास होतो.

माझ्या कानात वाजतंय, आवाज सोसत नाही, अशी बातमी पसरली. खळं दर वर्षी उपकेंद्राच्या मागे होत असे, कारण तिथली जमीन टणक आणि वारा सरळ. त्या वर्षी सखूबाईने जमीन सारवायला घेतली ती टेकाडापलीकडे. मला विचारलं नाही. पोरांना ताकीद दिली की नर्सबायच्या अंगणात बोंबलायचं नाही. बैलांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा काढून आढ्याला टांगल्या. पलीकडच्या पाड्यात लग्न ठरत होतं, तिथल्या वाजंत्र्यालाही निरोप गेला की वरात नर्सबायच्या घरावरून आणू नका. एका बाईच्या कानासाठी भर झोडणीत सगळा पाडा कुजबुजत बोलत होता. दुपारी मी ओट्यावर बसायची तर पानसुद्धा हलत नसे. आणि त्या शांततेत माझ्या डोक्यातला तो आवाज ताणत ताणत भिंतीएवढा होई. मला वाटे, माझा आजार वाढतोय. मी कानात कापूस घालून बसू लागले. त्याने आणखी वाढला.

आमचे हे भातसा धरणावर नोकरीला. एका शनिवारी आले, माझी अवस्था बघितली आणि म्हणाले, "अगो, तू त्या आवाजावर पाळत ठेवून बसलीस." मी चिडले. मी नोंद ठेवत होते. सकाळी किती, जेवणानंतर किती, चहाने वाढतो का, मिठाने वाढतो का. रकाने आखून. मी आयुष्यात जे काही निभावलं ते रकाने आखून निभावलं. ते म्हणाले, "आमच्याकडे पाणी सोडायच्या दरवाज्यापाशी नवा माणूस आला ना, पहिल्या आठवड्यात म्हणतो, साहेब, या धडधडीत बसायचं कसं? मग महिनाभराने पाणी बंद झालं की दचकून उठतो." मी म्हटलं, तुमचं पाणी बंद तरी होतं.

ठाण्याला कान तपासणीचं एक केंद्र आहे, हे मला कोणत्याही डॉक्टरांकडून नाही, कल्याणच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईकडून कळलं. तिचा मुलगा ऐकण्याचं यंत्र लावत असे. मी दुसऱ्याच दिवशी गेले. तिथल्या मॅडम वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीतले आवाज ऐकवले. ऐकू आलं की बटण दाबायचं. तपासणी संपायला चहा पिण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. एवढ्यासाठी मी कितीजणांपुढे हात पसरले होते.

कागदावरची रेघ दाखवत त्या म्हणाल्या, "तुमचं ऐकणं खालच्या पट्टीत अगदी चांगलं आहे. वरच्या टोकाला थोडं कमी झालंय आणि आवाज तिथेच येतोय. तुम्ही म्हणता ते बाळाचे ठोके खालच्या पट्टीतले. या आवाजाने ते झाकलेच जात नाहीत."

"मग मला मोजता का येत नाहीत?"

"कारण तुम्ही ठोके ऐकत नाही आहात. आवाज आला का, हे ऐकताय."

मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. मी रडले, आणि तेही रागाने. त्यांनी पाणी दिलं आणि समजावायला बसल्या. एवढा वेळ माझ्यासाठी कुणी बसलं नव्हतं. म्हणाल्या, तुमच्या घराजवळ विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे? गुणगुणतो ना? ऐकू येतो का रोज? नाही. पण उद्या कुणी सांगितलं की तो फुटणार आहे, तर तुम्ही त्याचंच ऐकत बसाल. तो काही जोरात वाजायला लागलेला नसतो. मेंदूने त्याला धोक्याच्या खात्यात टाकलेलं असतं. आता त्याला त्या खात्यातून काढायचं, आणि याला महिने लागतात, वर्ष, कधी दीड वर्ष. आवाज जाईलच असं मी सांगत नाही. त्याचं महत्त्व जाईल.

मग नियम सांगितले. शांततेत बसायचं नाही, कधीच नाही. सतत सौम्य आवाज जवळ हवा, पण कानातल्या आवाजाला बुडवेल इतका मोठा नको. दोन्ही शेजारी शेजारी ऐकू आले पाहिजेत, तरच मेंदू त्यांना एका पंक्तीला बसवतो. कापूस काढून टाका. भीती वाटली तर इथे येऊन बोला. आणि शेवटचा नियम: "नोंद बंद."

"नोंद नाही ठेवली तर कमी होतंय हे कळणार कसं?"

"कळू नये, हेच तर हवंय." त्या हसल्या. मी नाही हसले.

कानात लावायचं, मंद खसखस करणारं यंत्र मिळत होतं. ते मला परवडणारं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे ठेवा, चालेल. आठवडाभर मी ती खरखर ऐकली. मग आमच्या ह्यांनी भातसानगरहून एक कॅसेट भरून आणली. पाणी सोडतात त्या जागेजवळ टेपरेकॉर्डर ठेवून दोन्ही बाजू भरल्या होत्या. सलग, जाड पाण्याचा आवाज. अध्येमध्ये त्यांचा सहकारी ओरडतो, "अरे, डबा कुनी खाल्ला माझा?" आणि मग पुन्हा पाणी. हे पाणी मुंबईच्या नळांना जातं आणि आमच्या पाड्यातल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन झऱ्यावर रांगा लावतात. त्या वर्षी निदान त्याचा आवाज तरी आमच्या वाट्याला आला. त्या सहकाऱ्याचा डबा कुणी खाल्ला ते मात्र कॅसेटीत शेवटपर्यंत कळत नाही.

पण दिवसा, ओट्यावर, मला माणसांचा आवाज हवा होता. मी सखूबाईकडे गेले. "सखूबाई, खळं मागे आणा. घंटा बांधा बैलांना."

ती फटकन म्हणाली, "तुमाला तरास म्हून नेला ना तिकरं. आमी काय हौसेनी नेला?"

"त्रास शांततेचा होतोय."

"ऐकला का गो जने? गप बसला तरी बायला तरास." जनी तोंडाला पदर लावून हसली. सखूबाई मात्र चिडली होती आणि तिचं बरोबर होतं. पायाखालची वाट सोडून तिने भारे टेकाडापलीकडे वाहिले होते. "आता खळा हलायचा नाय. मधला खांब पुजलाय. पुजलेला खांब झोडणी व्हईपरत उपटत नाय, तुमी नवीन हाव का काय?"

मला ते माहीत होतं. एकदा खळ्यातल्या खांबाची पूजा झाली की भात घरी येईपर्यंत जागा बदलायची नाही. एवढ्या माणसांनी माझ्यासाठी एवढं केलं, ते नेमकं उलटं केलं, आणि मी आता त्यांना त्यांचा देव हलवायला सांगत होते. कुणामुळे? पहिल्या दिवशी एका डॉक्टरने दोन वाक्यं नीट सांगितली असती, की आवाजाने अपाय नाही, शांतता टाळा, तर खळं जागच्या जागी राहिलं असतं. औषध नाही म्हणून हात झटकणाऱ्यांना वाटतं की आपण काहीच केलं नाही. त्यांच्यामुळे एका म्हाताऱ्या बाईने टेकाडापलीकडे भारे वाहिले.

शेवटी सखूबाईच म्हणाली, "खळा नाय हलायचा. दगड हलंल." झोडलेल्या पेंढ्यांत थोडे दाणे राहतात, त्या दुसऱ्यांदा झोडाव्या लागतात. ते काम खळ्यात करायलाच हवं असं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी जनीच्या भावांनी एक दगड लोटत माझ्या खिडकीखाली आणला. ताडपत्री अंथरली. धप्प सुरू झालं. संध्याकाळी बैल परतले ते घंटा वाजवत. जनी पोट सांभाळत ओट्यावर येऊन बसली आणि आपली सासू किती बोलते हे सांगायला लागली, ती एवढ्या मोठ्याने की सासूला ऐकू जावं. पुढच्या वर्षी खळं परत उपकेंद्रामागे आलं. खांब पुजताना सखूबाई एवढंच म्हणाली, "या साली काय ठरला हाय ते आताच सांगा, बाय."

मुदत संपायच्या आधी मी ठाण्याचा कागद घेऊन डॉक्टरसाहेबांसमोर उभी राहिले. ते म्हणाले, रिपोर्ट ठीक दिसतोय, पण धोका कशाला पत्करायचा? मी म्हटलं, धोका नको हे मलाही कळतं. जनीला आज आणलंय, मी मोजते, मग तुम्ही मोजा. त्यांनी मोजलं. दोघांचं जुळलं. "ठीक आहे, काही दिवस असंच दोनदा मोजू," ते म्हणाले, आणि काही दिवसांनी ते दोनदा मोजणं आपोआप बंद झालं. भांडाराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. चूक झाली, असंही कुणी म्हणालं नाही. मी वाट पाहिली होती.

सुधारत गेले ते कसं, हे मला सांगता येत नाही, आणि माझ्यासारखीला हे फार लागतं. विसरलेल्या वेळेची नोंद करता येत नाही. केली तर ती विसरलेली राहत नाही. मधे वाईट आठवडे आले. सर्दीत आले, भावाच्या आजारपणात आले. पुढच्या भाद्रपदात एका बाईचे ठोके मोजून मी मान हलवली, हात धुतले, लिहून ठेवलं, आणि रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं की मघाशी नळीला कान लावला तेव्हा मी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. लक्षात आल्याबरोबर तो वाजायला लागला. वाजू दे म्हटलं. त्याच्या वाजण्याला आता काही अर्थ नव्हता. जनीची मुलगी तोवर रांगायला लागली होती आणि रडण्यात तिच्या आजीवर गेली होती.

आज हे सगळं लिहायला बसले त्याला झोडणी हे अर्धंच कारण. परवा मुरबाडच्या बैठकीत उंबरमाळीकडची एक तरुण नर्स माझ्या शेजारी बसली होती. बैठकभर तिचा एक हात कानावर. चहाच्या वेळी हळूच म्हणाली, "ताई, तुम्हालापण झालेलं ना? मला चार महिने झाले. कुणाला बोलू नका. बोलले तर फिल्डवरून काढतील." मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं? म्हणाली, दाखवलं एकांना, बाहेर. नाव बदलून. ते म्हणाले, सवय करून घ्या.

सहा वर्षं झाली. तेच वाक्य, तसंच, पुढचा पेशंट बोलवायच्या घाईतलं. आणि मुलगी आमच्यापेक्षा शहाणी झालीय. ती खरं सांगायच्या भानगडीत पडतच नाही. नळी लावते, आकडा अंदाजाने लिहिते, आणि घरी जाऊन रडते, हेही तिनेच सांगितलं. एखाद्या दिवशी अंदाज चुकेल. तेव्हा हेच लोक तिला विचारतील की आधी का नाही सांगितलं.

चहा संपताना तिने एकच विचारलं: "तुमचं थांबलं ना पण?" तेवढ्यात बैठक पुन्हा सुरू झाली. उत्तर राहिलं. फोनवर देण्यासारखं ते नाही. थांबलं नाही, असं नुसतं सांगितलं तर ती त्याच क्षणी फोन ठेवेल. तिच्यासमोर बसून, तिची नळी हातात घेऊन, एखाद्या बाईच्या पोटावर आधी मी आणि मग तिने, असं सांगावं लागेल. ठाण्याला तिच्याबरोबर जावं लागेल, आणि तिच्या साहेबांसमोरही.

उद्या लसीकरण आहे. मंगळवारी पाड्यावर तापाची पाहणी. बुधवार मोकळा होता, त्यावर काल दुपारी मुरबाडहून निरोप आला की मोहिमेच्या जीपबरोबर फिरायचंय. कर्ण्याखाली मी बसणार नाही, हे कळवून झालं. उंबरमाळीला जायचं अजून राहिलंय.